दाबा, मग फिरवा

आमच्या निपाणीच्या घरात रॉकेलची बाटली स्टोव्हच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी असायची. रेशनचं रॉकेल परसातल्या खोलीत मोठ्या डब्यात आणि रोजच्या वापरापुरतं या बाटलीत. बाटली मूळची सरबताची. बूच केव्हाच हरवलं होतं, म्हणून तिच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा. आमच्याच घरी असं होतं असं नाही. गल्लीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात शिरलात तरी अशीच एक बाटली आणि असाच एक बोळा दिसला असता. माझ्या वयाच्या वाचक मैत्रिणींना मी हे काय सांगावं! तुमच्याही घरी ती होतीच.

१९७४ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावानं ती बाटली तोंडाला लावली. तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता, मी नऊची. मला आधी आठवतो तो वास, मग त्याचा ठसका, आणि मग घरात उडालेली एकच धावपळ. शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी करून त्याच्या घशात ओतलं, कुणीतरी त्याला पाय धरून उलटा केला. ओकारी काढायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात गेलं की जास्त घात करतं, आणि ओकारी काढताना ते नेमकं तिकडेच जायचा धोका असतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचून कळलं. त्या दिवशी सगळे धावले ते प्रेमापोटीच.

सहा दिवस तो दवाखान्यात होता. ताप, धाप, छातीत घरघर. वाचला. आज पुण्यात आहे, त्याला सून आली आहे. घरी सोडताना डॉक्टर आक्काला म्हणाले, "आईनं लक्ष द्यायला पाहिजे होतं." आक्का म्हणजे आमची आई. आजीनं तर तिथं खाटेजवळच विचारलं होतं, "पोरगं राकेल पीत हुतं तवर तुझं डोळं कुटं हुतं गं?" आक्का काही बोलली नाही. पुढे लग्नकार्यात, बारशाला, पर्युषणात चार बायका जमल्या की ही गोष्ट निघायची आणि दरवेळी तिचा शेवट एकच असायचा : आक्काचं लक्ष नव्हतं. आमच्या घराण्याच्या इतिहासात ही नोंद पक्की झाली. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण ही नोंद तपासावी असं मला कधी वाटलं नाही.

वाटलं ते एका डबीमुळे. माझी भाची अमेरिकेहून आली आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी डबी ठेवून गेली. झाकण फिरवावं तर ते नुसतं कटकट वाजत गोल फिरत राहायचं. झाकणावर इंग्रजीत लिहिलं होतं : दाबा आणि फिरवा. चष्मा लावून वाचलं, तळहातानं दाबलं, फिरवलं, उघडलं. आणि मनात आलं, एका साध्या झाकणात इतकी अडवणूक कुणी आणि का घातली असेल? तिथून मी वाचत गेले. आता ते तुम्हाला सांगते.

गोष्टीची सुरुवात गोळ्यांपासून होत नाही, कॉस्टिकपासून होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बायका घरीच साबण करत, मोऱ्या साफ करत, आणि त्यासाठी घरोघरी कॉस्टिकचा डबा असे. दिसायला पांढरं, साखरेसारखं. रांगती पोरं ते तोंडात घालत. ज्यांचा जीव वाचे त्यांची अन्ननलिका भाजून, आकसून, बंद होत जाई. फिलाडेल्फियामध्ये शेव्हॅलिए जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर होते, ते नळीतून बघून घशात अडकलेल्या वस्तू काढण्यात नावाजलेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात एका सात वर्षांच्या मुलीची हकिगत लिहिली आहे. तिच्या घशाखाली आठवडाभर पाण्याचा थेंब उतरला नव्हता. जॅक्सननी चिमट्यानं आतला करडा गोळा बाहेर काढला. पाण्याचा पेला दिला तेव्हा तिनं भीतभीत घोट घेतला, कारण नेहमीसारखा तो परत वर येणार असं तिला वाटत होतं. तो खाली उतरला. दुसरा उतरला. मग तिनं नर्सचा हात हळूच बाजूला केला, डॉक्टरांचा हात धरला आणि त्याचं चुंबन घेतलं.

जॅक्सन कॉस्टिक विकणाऱ्या कंपन्यांच्या मागे लागले. एवढंच मागत होते की डब्यावर 'विष' असं ठळक छापा आणि पोटात गेलं तर काय करायचं तेही छापा. यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. मोठंच काम झालं. पण त्यात एक गोम होती, ती तुमच्या लक्षात आलीच असेल. दोन वर्षांच्या पोराला वाचता येत नाही. चिठ्ठी वाचायची ती आईनं. म्हणजे कायदा झाला तरी पहारा आईचाच राहिला.

कवटी आणि दोन हाडांच्या चित्राचंही तसंच. पुढे १९७१ साली पिट्सबर्गमध्ये कवटीच्या जागी एक हिरवा, जीभ बाहेर काढलेला, ओकारी आल्यासारखा चेहरा काढला गेला. कारण त्या गावच्या बेसबॉल संघाचं नावच 'पायरेट्स', म्हणजे चाचे. तिथल्या पोरांना कवटी बघून भीती वाटण्याऐवजी मजाच वाटायची. हिरव्या चेहऱ्याच्या चिकटपट्ट्या खूप खपल्या. पण नंतर लोकांनी मुलं बसवून तपासलं, तर लहानग्यांवर त्या चेहऱ्याचा फारसा परिणाम नव्हता. काहींना तर चित्र लावलेली वस्तूच जास्त आवडली! ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

आता गोळ्यांकडे येते. आपल्या मराठीत लिमलेटची ती गोळी आणि तापाची तीही गोळी. शब्द एकच. पोरांनी फरक कसा करावा? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान मुलांसाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी निघाली. नारिंगी रंगाची, संत्र्याच्या चवीची, गोड. आयांना हायसं वाटलं, कारण मूल औषध घेताना रडायचं बंद झालं. 'ही बघ चॉकलेटची गोळी' म्हणून देणाऱ्या आयाही होत्या. आपणही तेच करतो की. पोर दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून कपाटावर चढलं आणि उरलेली बाटली संपवून आलं. ॲस्पिरिन जास्त झालं की श्वास जोरात चालतो, रक्तात आम्ल वाढतं, ताप चढतो, मूल बेशुद्ध पडतं. पन्नाशीच्या दशकात तिथल्या दवाखान्यांत ही पोरं इतकी येऊ लागली की विषबाधा म्हटलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव ॲस्पिरिनचं येई.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठात जे अरीना नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. ही गोड गोळी काढणाऱ्या प्लाऊ कंपनीच्या मालकाशी, एब प्लाऊ यांच्याशी ते बोलले. मागण्या दोन : लहान मुलाच्या हातानं सहज निघणार नाही असं झाकण बसवा, आणि एका बाटलीत इतक्या गोळ्या भरू नका की सगळ्या खाल्ल्या तर मूल मरेल. मालकानं ऐकलं. लहान मुलांच्या ॲस्पिरिनच्या बाटलीत ३६ गोळ्या, हा आकडा पुढे रूढच झाला. मला ही दुसरी मागणी फार शहाणपणाची वाटते. झाकण हरलं तरी हिशेब जिंकावा, असा तो विचार होता.

याच सुमाराला, १९५३ साली, शिकागोत विषबाधेची माहिती देणारं पहिलं केंद्र सुरू झालं. त्यामागे तिथल्या एका औषधशास्त्र्याची, लुई गडालमन यांची मेहनत होती. कुठल्या डब्यात काय असतं याची कार्डं त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवली होती, रात्री-अपरात्री डॉक्टर त्यांना फोन करून विचारत. अशी केंद्रं मग गावोगावी निघाली, आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा मोजदाद जमू लागली. तोवर प्रत्येक मूल म्हणजे एका आईचा एक गुन्हा होता. शंभर कार्डं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की शंभर वेगवेगळ्या घरांत, शंभर वेगवेगळ्या स्वभावाच्या बायकांच्या हातून, तीच बाटली, त्याच वयाचं मूल, तीच वेळ. शंभर आया एकदम निष्काळजी होतात असं म्हणायचं, की बाटलीतच काही खोट आहे असं?

तरी हे पटायला वेळ लागला. १९६१ साली केनेडींनी सही केलेल्या कायद्यानं तिथं दरवर्षी मार्चमध्ये विषबाधा प्रतिबंध आठवडा पाळायला सुरुवात झाली. भाषणं, पत्रकं, भिंतीवरची चित्रं. वाईट काहीच नाही. पण सगळ्यांचा सूर तोच की औषधं उंचावर ठेवा, कुलपात ठेवा, लक्ष ठेवा.

ज्या माणसानं हा सूर बदलला तो कॅनडातला. ऑन्टारियो प्रांतात, नदीच्या पलीकडे अमेरिकेचं डेट्रॉइट आणि अलीकडे विंडसर. विंडसरमध्ये डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या नावाचं स्पेलिंग बघून कुणी ब्रॉल्ट म्हणतं, पण फ्रेंच घराण्यातले, म्हणून मी ब्रो लिहिते. १९५७ पासून तिथल्या विषबाधा केंद्राचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या पत्नीनं पुढे सांगितलेली आठवण अशी की एके रात्री तीनच्या सुमाराला ते दवाखान्यातून घरी आले, एका पोराचं पोट धुऊन. घरात पाऊल टाकताच म्हणाले की आता बस झालं, पोरांची पोटं धुऊन धुऊन मी थकलो, याचं काहीतरी केलंच पाहिजे.

ब्रोंनीही आधी उपदेशच करून बघितला. पालकांना समजावलं, व्याख्यानं दिली. पोरं येतच राहिली. इथं हा माणूस वेगळा निघाला. आया ऐकत नाहीत, असा निष्कर्ष त्यानं काढला नाही. ऐकूनही उपयोग होत नाही, असा काढला. १९६२ साली त्यांनी प्रांतात विषबाधा रोखण्यासाठी एक संघटना उभी केली आणि ते झाकणाच्या मागे लागले.

विंडसर हे मोटारींचं गाव. तिथं साचे बनवणारे एकाहून एक कारागीर. पीटर हेजविक यांचा तिथं साच्यांचा मोठा कारखाना होता आणि प्लॅस्टिक ओतण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. ब्रोंनी त्यांना अडचण सांगितली : मोठ्याला उघडावं, लहानाला उघडू नये, आणि किल्ली-कुलूप काही नको. हे बोलायला सोपं. मोठ्याकडे असं काय आहे जे लहानाकडे नाही? ताकद म्हणाल, तर म्हाताऱ्या माणसाकडे ती नसते. उंची म्हणाल, तर खुर्ची आहेच. अक्कल म्हणाल, तर पोरांची अक्कल आपल्या दुप्पट.

हेजविक यांनी १९६७ साली जे झाकण आणलं ते एका बारीक निरीक्षणावर उभं आहे. लहान मूल एका वेळी एक गोष्ट करतं. दाबेल किंवा फिरवेल. दाबलेलं तसंच धरून ठेवायचं आणि त्याच वेळी फिरवायचं, म्हणजे एकाच हातानं दोन दिशांना दोन कामं, हे तीन-चार वर्षांच्या मुलाला पटकन साधत नाही. त्या झाकणाचं नावच 'तळहात ठेवा आणि फिरवा' अशा अर्थाचं होतं. पुढे निघालेल्या, आज सगळीकडे दिसणाऱ्या झाकणांत दोन वाट्या असतात, एकात एक. बाहेरची वाटी मोकळी. नुसती फिरवली तर आतल्या वाटीच्या दातांवरून घसरत कटकट वाजते, काही होत नाही. वरून दाबली की दात एकमेकांत बसतात, आतली वाटी बरोबर फिरते आणि आटे सुटतात. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीचं झाकण लागेना की आपण तळहात दाबून फिरवतोच. तीच हालचाल, फक्त ती आता किल्ली झाली.

विंडसरच्या परिसरात ही झाकणं वापरायला लागल्यावर तिथल्या मुलांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्या. शंभरातल्या नऊ उरल्या. आयांचं लक्ष एका वर्षात दसपट वाढलं होतं का? आया त्याच होत्या.

१९७४ मध्ये ऑन्टारियोत असं झाकण सक्तीचं झालं. आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या घरात ते सहा दिवस ज्या साली आले तेच हे साल.

अमेरिकेनं कायदा त्याआधी केला होता. ३० डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांची त्यावर सही झाली. १९७२ मध्ये ॲस्पिरिनला आणि १९७४ मध्ये चिठ्ठीवर मिळणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांना तो लागू झाला. त्या कायद्यातली झाकण तपासायची रीत वाचताना मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. २०० मुलं घ्यायची, वय ४२ ते ५१ महिने, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार वर्षं. दोघा-दोघांना शेजारी बसवायचं. हातात बंद डबी द्यायची आणि म्हणायचं, उघडून दाखव. पाच मिनिटं. नाही उघडली तर मोठ्या माणसानं एक शब्द न बोलता त्यांच्यासमोर उघडून दाखवायची. मग मुलांना सांगायचं की हवं तर दातांनीही उघडा! आणखी पाच मिनिटं. पहिल्या फेरीत शंभरातल्या निदान ८५ मुलांना आणि दोन्ही फेऱ्या मिळून निदान ८० मुलांना ती उघडता कामा नये.

म्हणजे शंभरात वीस पोरांनी उघडली तरी झाकण पास. म्हणून तिथले जाणकार 'मुलांना न उघडणारं' असा शब्द वापरत नाहीत, 'मुलांना अडवणारं' म्हणतात. मी तर 'मुलांना उशीर लावणारं' म्हणेन. पाच मिनिटांचा उशीर. पाच मिनिटांत भाकरी तव्यावरून उतरते, दूध खाली घेता येतं, बाई वळून बघू शकते. त्या कायद्यानं आईकडून चोवीस तासांचा पहारा मागितला नाही, माणसाला जमेल एवढंच मागितलं.

परीक्षा फक्त मुलांची नव्हती. १०० मोठी माणसंही बसवायची, त्यातल्या ९० जणांना डबी उघडता आणि परत लावता आली पाहिजे. शंभरात ७० बायका हव्यात असं नियमातच होतं, कारण घरात डब्या कोण उघडतं ते नियम लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं. पण वय? १८ ते ४५. इथं मात्र ते चुकले. औषधं सगळ्यात जास्त कोण घेतं? ज्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालीत त्या आज्या. त्यांना ही झाकणं उघडेनात. आजीनं काय करावं? नातवाला हाक मारून उघडून घ्यावं, असा विनोद तिथं घरोघर चालू होता. किंवा एकदा उघडली की झाकण लावायचंच नाही. किंवा सगळ्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या. आणि सुट्टीत आलेल्या नातवंडांना आजीच्या पलंगाशेजारची ती वाटी सापडायची. मुलांपासून वाचवायला केलेलं झाकण आजीच्या हाताला जमलं नाही, म्हणून ते मुलांसाठीच उघडं राहिलं. तशी कायद्यात सोय होती, म्हाताऱ्यांच्या घरासाठी साधं झाकण मागता येई, पण घर म्हाताऱ्यांचं असलं तरी नातवंडं येतातच की.

हा दोष दुरुस्त व्हायला १९९५ साल उजाडलं. नव्या नियमात मोठ्यांची परीक्षा ५० ते ७० वयाच्या माणसांची. आधी पाच मिनिटं चाचपून बघायला, मग एका मिनिटात उघडून लावता आली पाहिजे. झाकणं बनवणाऱ्यांची बरीच ओरड झाली, पण १९९८ पासून हा नियम चालू आहे. त्यानंतरची झाकणं हलकी झाली, जोर कमी आणि जुळवाजुळव जास्त. भाचीनं आणलेली डबी माझ्या हातानं उघडली ती या दुरुस्तीमुळे.

हिशेबही सांगते. १९७२ साली अमेरिकेत पाच वर्षांखालची २१६ मुलं घरातल्या औषधांनी आणि रसायनांनी गेली होती. पुढच्या काळात हा आकडा तिशीच्या आसपास आला. सगळं श्रेय झाकणाचं नाही, उपचारही सुधारले. पण एका अभ्यासकानं इतर सगळी कारणं वजा करून बघितलं. तरी १९७४ ते १९९२ या काळात नुसत्या चिठ्ठीवरच्या औषधांच्या बाबतीत सुमारे ४६० मुलांचे जीव झाकणानं वाचवले, असं त्याला दिसलं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. आपल्या बऱ्याचशा गोळ्या पट्टीत येतात, एकेक फोडून काढायची. तेही एक झाकणच आहे. एका वेळी एकच गोळी सुटते, पोराचा उत्साह संपतो. सिरपच्या बाटलीचं कडी तुटणारं झाकण मात्र वेगळ्या कामाचं. १९८२ साली शिकागोत कुणीतरी औषधाच्या बाटल्यांत सायनाइड भरलं, सात माणसं मेली, तेव्हापासून बाटली आधी कुणी उघडलेली नाही हे कळावं म्हणून अशी सिलं आली. कडी एकदा तुटली की पोराला अडवायला तिथं काही उरत नाही. आणि एक गोष्ट खास आपल्या सुनांसाठी : बाळंतपणाच्या आगेमागे मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. अमेरिकेत नव्वदीच्या सुरुवातीला लहान मुलांच्या विषबाधेतल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण ह्याच गोळ्या होत्या. बाळ पोटात असतं तेव्हा थोरलं पोर नेमकं दोन-तीन वर्षांचं असतं, आणि गोळी दिसायला रंगीत, गोड. त्या पिशवीतून बाहेर काढून उशीखाली ठेवू नका.

आणि रॉकेल. त्याचं काय? दक्षिण आफ्रिकेत स्वयंपाकाला रॉकेल जाळणारी गरीब वस्ती मोठी. तिथंही ते थंड पेयाच्या बाटलीत राहतं, तिथंही पोरं ते पितात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या डॉक्टरांनी एका भागात २० हजार घरांना मुलांना अडवणाऱ्या झाकणाचे रॉकेलचे डबे वाटले. पिण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. निम्मं कमी झालं, यात मला आनंद होता. निम्मं राहिलं ते का, हे मात्र मला लगेच उलगडलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत आक्काला ही सगळी हकिगत सांगितली. आता ती ब्याऐंशीची आहे. ऐकू बरं येतं, पण गुडघे गेलेत. आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. मी तिला ब्रोंचं सांगितलं, शंभर कार्डांचं सांगितलं, आणि म्हटलं, "आक्का, चूक तुझी नव्हतीच. बाटलीला धड बूच असतं तर पोरानं कशाला घेतली असती?"

ती कॅल्शियमची डबी हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "बोळा हुता की. मीच काढला हुता. स्टोमधी राकेल घालत हुते."

"मग?"

"मग तुज्या आजीनं सोप्यातनं हाक मारली. पाणी दे म्हणून. दोनदा मारली. बाटली तशीच खाली ठेवली आन् तांब्या घेऊन गेले."

पन्नास वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला दवाखान्यातली ती खाट आठवली, आणि तुझं डोळं कुटं हुतं म्हणून विचारणारी आजी. वापरात असलेल्या, उघड्या बाटलीला जगातलं कुठलंही झाकण वाचवत नाही. आफ्रिकेतलं उरलेलं निम्मं बहुधा असंच असणार : ओतता ओतता कुणीतरी हाक मारली.

"तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? त्यांनाच?" आक्का म्हणाली. मग तिनं डबीवर तळहात ठेवला, दाबला, फिरवला. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा उघडलं. आत बघितलं, परत लावलं, आणि नुसतं फिरवून कानाशी धरलं.

"वाजतंय बग," म्हणाली.